कागद दाखवा की, काका

लातूरहून अंबाजोगाईकडे निघालं की रेणापूरचा पिंपळफाटा लागतो. लातूरच्या मोंढ्याला माल घेऊन निघालेले शेतकरी, एसटीची वाट पाहणारे शिक्षक, रेणा कारखान्याकडे जाणारे कामगार, तहसीलला तारखेसाठी आलेली माणसं अशी गर्दी इथं सकाळपासून असते. टपरीवर पेपर आजही येतो, पण त्याची घडी मोडण्याआधी मोबाईल उघडलेला असतो. सोयाबीनच्या हंगामातल्या एखाद्या सकाळी गावच्या ग्रुपवर वरून खाली बोट फिरवलं तर साधारण असा क्रम दिसतो: रेणुकादेवीचा फोटो आणि शुभ सकाळ, लातूरचा कालचा सोयाबीनचा भाव, कुणाच्या तरी वडिलांच्या निधनाची बातमी आणि तिच्याखाली ओळीनं जोडलेले हात, मग अमेरिकेच्या आयातशुल्कावरची चित्रफीत, आरक्षणाच्या खटल्यात ‘आज काय झालं’ ते सांगणारा ऑडिओ, गाझातल्या पडक्या इमारतींचा फोटो, आणि त्या फोटोवरून दोघा चुलतभावांत सुरू झालेलं भांडण.

या बोलण्याबद्दल शहाण्या माणसांची दोन मतं ऐकू येतात. गावानं जगाची उठाठेव करू नये, आपली शेती बघावी, असं एक. या ग्रुपांनीच गावं फोडली, ते बंद करा, असं दुसरं. दोन्हींमागे कळकळ असते, पण दोन्हींत रोगाचं निदान चुकतं असं माझं मत आहे. रेणापूरच्या माणसाला युद्धावर, कोर्टावर आणि राजकारणावर बोलणं भाग आहे, कारण या तिन्ही गोष्टी त्याच्या उंबऱ्याच्या आत आलेल्या आहेत. खरी अडचण वेगळी आहे. ज्या कागदावरून वाद पेटलेला असतो, मग तो शासन निर्णय असो, अधिसूचना असो, निकालपत्र असो की आरोपपत्र, तो वाद घालणाऱ्यांपैकी कुणाच्याच हातात नसतो. आणि तो मागायची रीत या बोलण्यात अजून पडलेली नाही. बहुतेक वेळा तो त्याच मोबाईलवर मिळण्यासारखा असतो, याची जास्त चुटपुट लागते.

रेणापूरला राजकारण शिकवायला जायची कुणाची हिंमत होणार नाही. 2008 च्या पुनर्रचनेत जाईपर्यंत रेणापूर हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. गोपीनाथ मुंडे 1980 मध्ये इथून निवडून आले आणि पुढे 1990 ते 2009 सलग इथलेच आमदार होते. आता हा तालुका लातूर ग्रामीणमध्ये आहे. त्या मतदारसंघात 2019 ला ‘नोटा’नं 27,500 मतं घेऊन दुसरा क्रमांक पटकावला, आणि 2024 ला तीच जागा सात हजारांहूनही कमी फरकानं काँग्रेसकडून भाजपकडे गेली. इथला मतदार पक्षांचे डाव ओळखतो, समजून उमजून मत देतो. माणसं भोळी असतात म्हणून फसतात, हे नेहमीचं स्पष्टीकरण म्हणूनच इथं पुरं पडत नाही.

शिकागोचा भाव, लातूरचा मोंढा

लातूर बाजार समितीतले दोन आकडे रोज ग्रुपवर येतात, पोटलीचा भाव आणि सौद्याचा भाव. त्या आकड्यांच्या मागे काय काय असतं ते पाहिलं की ‘जगाची उठाठेव’ हा शब्द मागे घ्यावा लागतो. सोयाबीनच्या दाण्यात तेल साधारण 18 टक्के. बाकी बहुतेक पेंड, म्हणजे मोंढ्याच्या भाषेत डीओसी. तेलाचा भाव ठरतो परदेशात, शिकागोसारख्या बाजारांत. खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून जास्त भाग भारत आयात करतो: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं तेल रशिया आणि युक्रेनकडून. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला, काळ्या समुद्रातली बंदरं अडली आणि सूर्यफूल तेलाचा डबा महागला. दोन महिन्यांनी, 28 एप्रिलला, इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे बंद ठेवली. एक तेल अडलं की ओझं दुसऱ्यावर येतं. खरोळ्यात किंवा पानगावात घरात चार पोती सोयाबीन राखून बसलेला माणूस त्या दिवसांत खारकीव्ह आणि ओडेसाची नावं घेत होता, त्यामागे हा हिशेब होता. शिवाय मराठवाड्यातली डॉक्टर व्हायला निघालेली मुलं त्याच शहरांत अडकली होती. कुणाच्या भावकीतलं लेकरू बंकरमध्ये बसलेलं असताना त्या युद्धावर बोलू नका असं कुणाला सांगणार?

दिल्लीतल्या एका अधिसूचनेनंही भाव इकडचा तिकडे होतो. 14 सप्टेंबर 2024 ला केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, तेव्हा शेतकऱ्याला बरं वाटलं. 30 मे 2025 ला तेच 10 टक्क्यांवर आणलं. पेरणीच्या तोंडावर. पेंडीचं गणित आणखी निराळं आहे. पेंड जाते मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले, त्यातून उरणारा प्रथिनयुक्त चोथा, डीडीजीएस, स्वस्तात बाजारात आला आणि पेंडीच्या भावावर बसला. म्हणजे मक्यावाल्या शेतकऱ्याला हात देणारं धोरण सोयाबीनवाल्याच्या मुळावर येऊ शकतं. हे कोडं भाषणात सांगितलं जात नाही, आणि पन्नास सेकंदांच्या चित्रफितीत तर ते मावतच नाही. 2025 च्या हंगामात केंद्राचा हमीभाव 5,328 रुपये होता, मोंढ्यातला भाव त्याच्या खाली. त्याच महिन्यांत चीननं अमेरिकेचं सोयाबीन उचलणं थांबवलं होतं, आणि ऑक्टोबरअखेर ट्रम्प आणि शी जिनपिंग दक्षिण कोरियात भेटल्यावर खरेदी पुन्हा सुरू होण्याचं बोलणं झालं. त्या भेटीवर पिंपळफाट्यावर वाद झाला तर ती करमणूक नव्हे. तो पोटाचा प्रश्न आहे.

इथंच कागद कुठं निसटतो तेही दिसतं. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरला सोयाबीननं क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. कोंबडी खाद्यवाल्यांची ओरड झाली आणि केंद्रानं 12 लाख टन आयातीला परवानगी दिली. नवा माल येईपर्यंत भाव निम्म्याजवळ घसरला. राग रास्त होता. पण बोलणं चाललं होतं ‘परदेशी सोयाबीन येतंय’ असं, आणि आदेश होता दळलेल्या, तेल काढलेल्या जनुकबदल सोयाबीनच्या पेंडीचा. दाणा आणि पेंड यांतला फरक लातूरच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. पेंडीवर नेमका वाद झाला असता तर प्रश्नही नेमके निघाले असते: पेंड कुठल्या बंदरातून येणार, कधीपर्यंत येणार, नव्या हंगामाच्या आधी परवानगी का संपत नाही, आपल्या खासदारानं यावर काय विचारलं. ढोबळ रागाला सरकार ढोबळ उत्तर देऊन मोकळं होतं. तारीख आणि टनांचा आकडा घेऊन समोर आलेल्या माणसाला उत्तर देताना मात्र त्याला कागद उघडावा लागतो.

आधी मोबाईलचा निकाल

खटल्यांचंही असंच. 2024 ची ‘नीट’ लातूरनं जवळून भोगली. 5 मे ला परीक्षा झाली, 4 जूनला निकाल लागला, 67 जणांना 720 पैकी 720 गुण. महिनाअखेर लातूर जिल्ह्यात दोन जिल्हा परिषद शिक्षकांना अटक झाली, तपास पुढे सीबीआयकडे गेला, आणि ज्या शहरानं ‘लातूर पॅटर्न’ म्हणून शिकवण्यांचं अख्खं अर्थकारण उभं केलं त्याची देशभर नाचक्की झाली. ‘लातूर म्हणजे पेपरफुटी’ हा निकाल मोबाईलवर लागला तेव्हा सर्वोच्च न्यायालयात सुनावणी नीट सुरूही झालेली नव्हती. रेणापूर तालुक्यातली कितीतरी मुलं लातूरच्या खोल्यांत राहून, मेसचे डबे खाऊन दोन-दोन वर्षं घासलेली. त्यांच्या गुणांकडे लोक संशयानं पाहू लागले.

न्यायालयानं या प्रकरणात काय काय उघडं करायला लावलं ते पाहण्यासारखं आहे. जुलैमध्ये त्यानं राष्ट्रीय चाचणी संस्थेला प्रत्येक परीक्षा केंद्राचा निकाल, विद्यार्थ्यांची नावं झाकून, संकेतस्थळावर टाकायला लावला. कुठल्या केंद्रावर किती गुण पडले ते कुणालाही बघता येत होतं. पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली गेली होती. त्याचं बरोबर उत्तर कोणतं, हे आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून मागवलं. 23 जुलैला फेरपरीक्षा नाकारली आणि 2 ऑगस्टला सविस्तर कारणं दिली: पेपर हजारीबाग आणि पाटण्यात फुटला याबद्दल वाद नाही, फायदा झालेले म्हणून 155 विद्यार्थी तपासात पुढे आले, पण सगळी परीक्षाच नासली असं दाखवणारा पुरावा समोर नाही. हा निकाल पटो न पटो, त्याच्याशी भांडायला जागा आहे. मोजकी केंद्रं तपासून सगळ्या देशाबद्दल असं म्हणता येतं का, हा चांगला आक्षेप आहे. पण तो आक्षेप घ्यायला निकाल वाचावा लागतो, आणि ज्या आवेशात लातूरवर मोबाईलचा निकाल लागला होता त्याच्या पावपट आवेशातही निकालपत्र फिरलं नाही.

याहून कठीण गोष्ट 2025 ची. 2 सप्टेंबरला मराठा-कुणबी दाखल्यांसाठीचा, हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला आणि मराठवाड्यातली गावं दोन बाजूंना उभी राहिली. एका बाजूच्या ग्रुपवर ‘सरसकट मिळालं’, दुसऱ्या बाजूच्या ग्रुपवर ‘आपलं सगळं गेलं’. निर्णयाचा मजकूर वाचला तर त्यात गावपातळीवर तीन जणांची समिती दिसते: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. समितीनं स्थानिक चौकशी करायची, आणि तिच्या आधारे सक्षम अधिकाऱ्यानं कुणबी दाखल्याचा निर्णय घ्यायचा. म्हणजे खरा प्रश्न होता चौकशीचा: पुरावा कशाला म्हणायचं, प्रतिज्ञापत्रावर किती भिस्त ठेवायची, तीन कर्मचाऱ्यांवर गावातल्या दांडग्यांचं दडपण आलं तर त्यांनी काय करायचं. दोन्ही बाजूंच्या माणसांना हा प्रश्न सारखाच लागू होता. तो ग्रुपवर आलाच नाही, कारण एकमेकांवर तुटून पडायला त्याचा उपयोग नव्हता.

त्याच दिवसांत लातूर जिल्ह्यात आरक्षणाच्या प्रश्नावरून जीव दिल्याच्या म्हणून काही घटना पुढे आल्या. मृताच्या नावानं सापडलेल्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलवर फिरायला काही तास पुरतात. हस्ताक्षराच्या तपासणीला काही आठवडे लागतात. ऑक्टोबरमध्ये लातूर पोलिसांनी सांगितलं की यातल्या तीन प्रकरणांत चिठ्ठीतलं अक्षर मृताच्या अक्षराशी जुळत नाही, चिठ्ठ्या दुसऱ्या कुणीतरी लिहिल्या असाव्यात, आणि गुन्हे नोंदवले. गेलेली माणसं खरी होती, घरांवर कोसळलेलं दुःख खरं होतं. त्यांच्या नावावर लिहिल्या गेलेल्या ओळींवरून मधल्या काळात गावोगाव माणसं एकमेकांना तोडून बोलली. ते बोलणं आता परत घेता येत नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची 9 डिसेंबर 2024 ला हत्या झाली. त्यानंतर आरोपपत्राच्या पानांपेक्षा आरोपींच्या आणि तपास अधिकाऱ्यांच्या आडनावांची चर्चा जास्त झाली. इतकी, की बीडच्या पोलीस अधीक्षकांनी अधिकाऱ्यांच्या टेबलावर फक्त पहिल्या नावाच्या पाट्या लावायला लावल्या. एका खुनाच्या तपासात आडनाव झाकण्याची वेळ पोलिसांवर यावी, यातून मराठवाड्यातलं बोलणं कुठं येऊन ठेपलं ते कळतं.

सातबारा पाहणारी नजर

आता ज्याच्यावर माझा सगळा भर आहे त्या गोष्टीकडे येतो. ज्या तालुक्यात दुसऱ्याच्या सांगण्यावर कुणी एक गुंठा घेत नाही, तिथं दुसऱ्याच्या सांगण्यावर युद्ध, खटला आणि जात यांबद्दल मत कसं पक्कं होतं? जमिनीचा व्यवहार असला की हाच माणूस आधी सातबारा काढतो. इतर हक्कांत बोजा आहे का बघतो. फेरफाराचा नंबर शोधतो. चतुःसीमा स्वतः चालून येतो. वारसांपैकी एखादी बहीण सहीला राहिली असेल तर व्यवहार थांबवतो. अडत्याची पट्टी आली तर हमाली, तोलाई, कटती एकेक ओळ तपासतो. कागद वाचायची ही नजर शाळेतून आलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या फसवणूक सोसून, सावकाराच्या वहीशी आणि निजामी काळापासूनच्या महसुली दप्तराशी झगडून ती कमावलेली आहे.

तिचा उपयोग जमिनीपलीकडे का होत नाही, याचं मला दिसणारं कारण असं: जमिनीत चूक झाली तर नुकसान चूक करणाऱ्याचं होतं. ग्रुपवरच्या खोट्या संदेशाचं नुकसान दुसऱ्याला होतं आणि पुढे पाठवणाऱ्याला उलट थोडी वाहवा मिळते. त्यात आणखी एक भर, नात्यांची. संदेश टाकणारे असतात काका, मामा, सर, तात्या. पुतण्यानं त्यांना चार माणसांसमोर ‘हे खोटं आहे’ म्हणणं आपल्याकडे उद्धटपणात जमा होतं. पण ‘कागद दाखवा की, काका’ असं म्हणण्यात उद्धटपणा नाही. जमिनीच्या व्यवहारात हेच वाक्य सख्ख्या काकाला म्हटलं जातं आणि काकालाही त्याचं वाईट वाटत नाही.

हे करायला जी माणसं लागतात ती तालुक्यात बसलेली आहेत. शासन निर्णय कसा वाचायचा हे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाइतकं कुणाला कळत नाही. त्याच्या बदल्या, वेतनश्रेणी, रजा सगळं जीआरवर चालतं. वर विभागाचं नाव आणि क्रमांक, शेवटी ‘राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने’ आणि सहीचा अधिकारी, आणि त्याच्या थोडं वर शासनाच्या संकेतस्थळावरचा लांबलचक संकेतांक. हा संकेतांक टाकला की मूळ प्रत उघडते. नसेल तर शंका घ्यायची. ग्रामपंचायतीचा कर्मचारी, तहसीलबाहेर बसणारा दस्तलेखक, वकिलाचा कारकून यांची नजर इतकी तयार असते की बनावट जीआर ते हातात घेताच ओळखतात. ग्रुपवर मात्र हीच माणसं गप्प असतात किंवा सणाच्या शुभेच्छा देतात. कोर्टाच्या बाबतीतही आता वाट मोकळी होत आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल मराठीतही उपलब्ध होऊ लागले आहेत. भाषांतर यंत्राच्या साहाय्यानं केलेलं असल्यानं मराठी खडबडीत आहे, पण फेरफाराची भाषा तरी कुठं सोपी असते?

‘ओन्ली अ‍ॅडमिन’

इथं वाद बंदच करा म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला हवं. निवडणूक, गणपती, मोहरम, एखादा मोठा निकाल जवळ आला की गावोगावच्या अ‍ॅडमिनला पोलीस ठाण्यातून नोटीस येते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 खाली असायची, आता नव्या संहितेच्या 168 खाली. सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं तर तुम्ही जबाबदार, असा तिचा सूर. अ‍ॅडमिन म्हणजे बहुधा किराणा दुकानदार किंवा एखादा तरुण शिक्षक. तो घाबरून ग्रुप ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ करून टाकतो. बोलणं थांबतं, असं दिसतं. प्रत्यक्षात ते फुटून एकेका जातीच्या, एकेका पक्षाच्या ग्रुपवर जातं, जिथं दुसरी बाजू सांगणारा उरतच नाही. सगळ्या गावाचा ग्रुप बंद होणं ही माझ्या लेखी शांततेची गोष्ट नाही. तिथं निदान चुलतभाऊ समोरासमोर भांडत होते.

अ‍ॅडमिनच्या जबाबदारीबद्दल कायदा त्या नोटिशीहून उदार आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 1 मार्च 2021 ला स्पष्ट केलं की सदस्याच्या संदेशाला अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा मिळून तसा बेत होता हे दाखवावं लागेल. त्याच्याआधी 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक मजकुरावरून अटक झाली होती. एकीनं तो लिहिला होता, दुसरीनं नुसता पसंत केला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जे 66-अ कलम त्यांना लावलं गेलं, ते सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं.

कोल्हापूरच्या एका महाविद्यालयातल्या काश्मिरी प्राध्यापकाची गोष्ट प्रत्येक अ‍ॅडमिननं वाचावी अशी आहे. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांनी स्टेटसवर 5 ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं लिहिलं आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलिसांनी वैमनस्य पसरवल्याचा गुन्हा नोंदवला. उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानं 7 मार्च 2024 ला तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे, आणि शब्दांचा परिणाम मोजताना खंबीर, समंजस माणूस डोळ्यांसमोर ठेवायचा, जिथं तिथं धोका पाहणारा नाही, असं न्यायालयानं सांगितलं. ही कसोटी मूळची नागपूरची, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी 1940 च्या दशकात घालून दिलेली. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरबद्दलचा एक मजकूर पुढे पाठवल्यावरून पुण्यातल्या 19 वर्षांच्या विद्यार्थिनीला अटक झाली. मजकूर तिनं थोड्याच वेळात काढून टाकला होता आणि माफीही मागितली होती. 27 मे ला उच्च न्यायालयानं सरकार आणि महाविद्यालय दोघांनाही खडसावून तिला सोडलं आणि परीक्षेला बसू दिलं. युद्धाच्या ऐन रागात एका मुलीचं वर्ष वाचलं, ते एका आदेशामुळे.

मराठवाड्याला परवानगीचं बोलणं काय असतं हे वेगळं सांगायला नको. निजामाच्या राज्यात गश्ती क्रमांक 53 नुसार सभा घ्यायची तर आधी हुकूम लागायचा. महाराष्ट्र परिषदेनं 1937 मध्ये परतूरला पहिलं अधिवेशन भरवलं ते असल्या बंधनांतून वाट काढत. 17 सप्टेंबर 1948 ला जे मिळालं त्यात तोंड उघडण्याचा हक्कही होता. तो एका बटणानं बंद करण्याची सवय आपल्याला लागू नये.

राईनपाडा

मान्य करायलाच हवा असा आक्षेप पुढचा आहे. बोलू द्या म्हणता, आणि राईनपाड्याचं काय? 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला हा पाडा, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊनही ते वाचले नाहीत. त्या महिन्यांत देशभर ज्या चित्रफिती फिरत होत्या त्यांतली एक कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. दुसरीतली निपचित पडलेली लेकरं 2013 च्या सीरियातल्या रासायनिक हल्ल्यात मेलेली होती. एका युद्धात मेलेली मुलं दाखवून इथं पाच गरीब माणसं मारली गेली. जगातल्या संघर्षांवर बोलण्याचं ओझं किती असतं ते यावरून समजावं.

सरकार आणि कंपनी दोघांनाही तेव्हा जाग आली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळीविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या, व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि 2020 मध्ये फार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. या उपायांनी वेग कमी झाला, आणि वेग कमी होणं मोलाचं आहे. पण राईनपाड्यात जे झालं तो वाद नव्हता. तिथं प्रश्न विचारणारा कुणी उभाच राहिला नाही. ‘हा व्हिडिओ कुठला, कुणाचं मूल हरवलंय, कुठल्या ठाण्यात तक्रार आहे,’ एवढं विचारणारी दोन वजनदार माणसं बाजारात असती तर कदाचित ते पाच जीव वाचले असते. म्हणून मला राईनपाडा हा मोकळ्या बोलण्याविरुद्धचा पुरावा वाटत नाही. पुरावा मागणाऱ्यांची उणीव त्यातून दिसते.

खरं काय, हे कुणी ठरवायचं?

कागदाच्या बाजूनं एवढं बोलल्यावर एक रास्त शंका उरते: कागदही खोटा असतो, सरकारचा तर विशेष. पंचनामा घरी बसून होतो, आणेवारी पाहिजे तशी लागते, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं? मग सरकारी कागद म्हणजे सत्य, असं का धरायचं? तसं धरायचंच नाही. 2023 मध्ये केंद्रानं स्वतःच्या कारभाराबद्दलची माहिती खरी की खोटी हे स्वतःच ठरवणारा एक तथ्यतपासणी कक्ष नियमांत आणला. मुंबई उच्च न्यायालयात त्यावर जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, न्यायमूर्ती चांदूरकर यांचं मत तिसरं म्हणून मागवलं गेलं, आणि सप्टेंबरमध्ये तो नियम घटनाबाह्य ठरला. सरकारला स्वतःच्या बाबतीत न्यायाधीश होता येणार नाही, हे बरंच झालं. कागद मागायचा तो त्याच्यापुढे मान तुकवायला नाही. पंचनाम्याची नक्कल हातात असेल तरच त्यातला खोटा आकडा दाखवता येतो. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत ज्यांची सोयाबीन पाण्याखाली गेली त्यांना हे चांगलं माहीत आहे. मदतीच्या यादीतली चूक त्यांनीच शोधायची असते, आणि यादी पाहिल्याशिवाय ती सापडत नाही.

दुसरी शंका अधिक कडू आहे. जातीवर आणि धर्मावर आलं की कागदाला कोण विचारतो? माणूस आधी बाजू घेतो, मग कागद शोधतो. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. आरक्षणाच्या वादात दोन्हीकडे खरी भीती आहे: एकीकडे शेतीचे तुकडे होत गेलेल्या, लेकरांच्या फीसाठी झुरणाऱ्या घरांची, दुसरीकडे मुश्किलीनं मिळालेली शिडी काढून घेतली जाईल असं वाटणाऱ्या घरांची. निर्णयाची प्रत ही भीती घालवणार नाही. पण ती भांडणाचा विषय बदलू शकते. ‘तुम्ही लोक असेच’ म्हणायला कुठलाच कागद लागत नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदातल्या चौकशीत आमच्या बाजूचं म्हणणं ऐकायची सोय कुठं आहे’ हे म्हणायला कागद लागतो, आणि या दुसऱ्या वाक्याला उत्तर देता येतं. ज्याला उत्तर देता येतं अशा भांडणानंतर माणसं पुन्हा एकाच टपरीवर चहा घेऊ शकतात.

हैदराबाद गॅझेटियरच्या त्या शासन निर्णयाला आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाल्या. तारखेच्या दिवशी दोन्ही बाजूंचे ऑडिओ दुपारीच फिरू लागतात, कुणी ‘कोर्टानं सरकारला झापलं’ म्हणतं, कुणी ‘याचिका उडाली’. आदेशाची सहीची प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावर बहुधा त्या संध्याकाळी किंवा दोन-चार दिवसांत चढते. याचिकेचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष भरलं की ती उघडते. अशा अंतरिम आदेशाची पानं फार नसतात. रेणापूरच्या न्यायालयात रोज उभा राहणारा कुठलाही वकील ती अर्ध्या तासात मराठीत समजावून सांगू शकतो. त्याला विचारायला मात्र कुणीतरी जायला हवं.